माझ्या शमूने वाडेकर सरांना दिलेला शब्द

रत्नागिरीत निवळकर दोनच. एक मी, दानिएल निवळकर, हापूसची गाडी वाशी मार्केटला नेणारा. घाटात माझ्या पुढे कुणी गाडी काढून दाखवावी, मी स्टिअरिंग सोडून देईन. आणि दुसरा माझा धाकटा भाऊ शमुवेल. मला गाडीवाले आणि बागायतदार ओळखतात. शमूला सगळे ओळखतात. मच्छी मार्केटात जा, एसटी स्टँडवर जा, शमू गवंडी कुठे राहतो विचारा, माणूस तुम्हाला घरापर्यंत सोडून येईल. वर चहा पण पाजेल.

माझं शिक्षण सातवी. तेव्हा शब्द इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्या. पण जे सांगतो ते डोळ्यांनी बघितलेलं आणि कानांनी ऐकलेलं आहे. भावाचं कौतुक भावाने करू नये म्हणतात. मी म्हणतो, मग कुणी करायचं?

आमचा बापूस गवंडी होता. जांभ्या चिऱ्याची भिंत बापाने उभी केली की तिला गिलावा लागायचा नाही, इतकी सरळ. आम्ही ख्रिस्ती, पणज्यापासून. शाळेत पोरं आम्हाला पाववाले म्हणायची. मी हातानेच उत्तर द्यायचो. एकदा तर एकाचा दात पाडला, त्याचं मला आजही काही वाटत नाही. शमूचं वेगळं. तो त्या पोरांच्यात जाऊन बसायचा आणि विचारायचा, "पाव पाहिजे काय? आवशीने चहाबरोबर दिलाय." पोरं खायची पण. तेव्हा मला वाटायचं हा खुळा आहे. आवस, म्हणजे आमची आई, मला बोलायची, "तू भांडतोस म्हणून उद्या परत बोलतील. त्याला उद्या कोण बोलणार नाही." आणि तसंच झालं.

मोठा झाल्यावर बापाचं काम शमूने धरलं. पहार कशी धरायची ते त्याला मी शिकवलं, हे सांगायला पाहिजे. नंतर तो माझ्या पुढे गेला तो भाग वेगळा. आमची ख्रिस्ती स्मशानभूमी वर सड्यावर, उघड्या माळावर आहे. तिथे जमीन म्हणजे नुसता कातळ. वरचा थर लोखंडासारखा, खाली गेलं की मग जरा मऊ लागतं. तिथे कबर खणायची म्हणजे फावड्याचं काम नाही. टिकाव, पहार, आणि पाठीत जीव पाहिजे. पूर्वी कामाला माणसं लावायला लागायची, गरीब घरात त्याचीच चिंता. शमू गवंडी झाल्यावर बोलला, मी खणतो. तेव्हापासून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक माणसाची कबर त्यानेच खणली. पैसा घेत नाही. विचारलं तर म्हणतो, "शेवटचं घर आहे. त्याचं काय बिल करायचं?"

नाक्यावर नितेश म्हणून रिक्षावाला आहे, जिभेला हाड नाही. एकदा सगळ्यांसमोर बोलला, "काय शमूशेट, तुझ्या पणज्याला गोऱ्यांनी किती किलो तांदूळ दिलानी रे, धर्म बदलायला?"

माझ्या हाताला खाज सुटली. शमूने चहाचा घोट घेतला आणि बोलला, "पणज्याला काय मिळालं ते माहीत नाही बाबा. मला तर कातळात खड्डे खणायला लावलानी, ते पण फुकट. आमच्या घराण्याचा सौदा वाईटच झाला बघ."

नाका हसला, नितेश पण हसला. पुढे करोनात त्याची आवस गेली, तेव्हा मयताच्या गाडीजवळ यायला सख्खे पुतणे तयार नव्हते. नगरपालिकेच्या दोन माणसांबरोबर तिसरा हात शमूचा होता. त्यानंतर नितेशने तांदळाची गोष्ट काढलेली मी ऐकली नाही.

पण मला सांगायचं आहे ते वाडेकर सरांचं.

वाडेकर सर जन्माने आमच्यातलेच. नाव सिलास. देवरूखला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, रिटायर होऊन रत्नागिरीत परत आले, आरे-वारे रस्त्याला घर बांधलं. माणूस हुशार, पुस्तकांनी भिंती भरलेल्या. पण देव मानायचे नाहीत. लपवायचे पण नाहीत. त्यांची बायको रूथबाई मात्र दर रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर. सर तिला चर्चच्या दारात सोडायचे, बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसायचे, उपासना सुटली की घेऊन जायचे. पाऊस असला तर छत्री घेऊन उभे. मंडळीतली माणसं कुजबुजायची. रूथबाई हसून म्हणायची, "माझा नवरा चर्चला येतो, आत तेवढा येत नाही."

रूथबाईला पोटाचा कॅन्सर झाला आणि ती गेली. शमूने कबर खणली. पाळकसाहेबांनी विधी केला, गाणी झाली, सर एका बाजूला हात मागे बांधून उभे. सगळं आटपल्यावर शमूकडे आले आणि पाकीट काढलं.

शमू बोलला, "नको सर."

"मी कुणाचं फुकट घेत नाही."

"मग चहा पाजा."

"चहावर भागवतोस? तुझा देव तुला व्यवहार शिकवत नाही वाटतं."

"रविवारी येतो, उपासना झाल्यावर. साखर जास्त लागते मला."

असं ते सुरू झालं. दर रविवारी शमू सरांकडे चहाला. मंडळीतल्या काहींना वाटलं, शमू सरांना वळवायला जातो. सरांना पण पहिल्यांदा तेच वाटलं असणार, कारण ते तयारीनेच बसलेले असायचे. मी बऱ्याच वेळा बरोबर गेलोय. मासळी द्यायच्या निमित्ताने जायचो, पण खरं म्हणजे मला ऐकायला आवडायचं. माझा भाऊ प्रोफेसरसमोर बसून बोलतोय, हे बघायला कुणाला आवडणार नाही?

एकदा सर सरळच बोलले. "रूथने जन्मभर प्रार्थना केली. शेवटी वेदनांनी ओरडत गेली. तुझा देव बहिरा आहे, की नाहीच?"

मला वाटलं शमू आता शास्त्रातलं, बायबलातलं काहीतरी काढणार. त्याने चहा बशीत ओतला. मग बोलला, "मला उत्तर येत नाही सर. मी पण त्याला तेच विचारलं होतं."

"काय बोलला मग तो?"

"काही नाही. पण एक सांगू? तुम्ही म्हणता वर कोणी नाही. मग तुम्ही एवढे रागावलाय कुणावर? रिकाम्या घरावर कोण दगड मारतं?"

सर हळूच बोलले, "वाक्य चांगलं आहे. पण ते उत्तर नाही."

"नाही," शमू बोलला. "उत्तर नाहीच आहे. मी कुठे म्हटलं आहे म्हणून?"

दुसऱ्या एका रविवारी पुनरुत्थानावरून जुंपली. ईस्टर नुकताच झाला होता. सर बोलले, "अरे, तू गवंडी माणूस. जड काय, हलकं काय, तुला कळतं. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठून चालायला लागतो, हे तुला पटतं कसं?"

शमू बोलला, "सर, मेलेला माणूस उठत नाही हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी कबरी खणतो. आजवर एकही उठलेला नाही. येशूच्या शिष्यांना, त्या पेत्र-योहानाला पण ते माहीत होतं. कोळी माणसं ती, आपल्या मिरकरवाड्यातल्यासारखी. त्यांना कोण फसवणार? तरी ते म्हणाले आम्ही बघितला. मार खाल्ला, तुरुंगात गेले, जीव गेला, पण बोलणं फिरवलं नाही."

"खोट्या गोष्टींसाठी जगात पुष्कळ माणसं मेली आहेत."

"खरी वाटली म्हणून मेली. ह्यांनी तर स्वतः बघितलं म्हणून सांगितलं. स्वतः रचलेल्या थापेसाठी एखादा वेडा मरेल. सगळे कसे मरतील?"

"त्यांना भास झाला असेल. दुःखात माणसाला माणसं दिसतात." सरांनी समोर बोट दाखवलं. "मला रूथ दिसते. त्या खुर्चीत."

शमूने त्या खुर्चीकडे बघितलं. मग विचारलं, "तिच्याबरोबर बसून मासे खाता काय तुम्ही?"

"म्हणजे?"

"येशू उठल्यावर जेवला त्यांच्याबरोबर. भाजलेले मासे. असं लिहिलंय."

"लिहिलंय!" सर हसायला लागले. "लिहिणाऱ्याला कोण धरणार? आज मी जिंकलो, शमू."

"आज तुम्ही जिंकलात," शमू बोलला, "पुढच्या रविवारी बघू." आणि दुसरा चहा मागितला.

परत येताना मी गाडीवर त्याला विचारलं, "मेल्या, हरलास कबूल करतोस? एवढी लोकं ख्रिस्तावर हसतात, तू तरी जोर लाव."

"दादा, ती कुस्ती नाही. त्यांनी मला दार उघडं ठेवलंय, मी पण ठेवायला पाहिजे ना."

असं किती रविवार झाले, मोजलं नाही. सर चर्चच्या आत आले नाहीत आणि शमू जायचा थांबला नाही. सरांची मुलगी बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये आहे, पूर्वी तिचं नाव. ती सुट्टीत आली की हसायची, "काका, बाबा आठवडाभर तुमच्यासाठी मुद्दे काढून ठेवतात." ती पण देव मानणारी नाही, पण पोरगी मनाने सोन्यासारखी.

गेल्या वर्षी सरांची छाती धरायला लागली. डॉक्टरने सांगितलं, फार राहिलं नाही. पूर्वी रजा काढून आली. सर हॉस्पिटलला जायला तयार नाहीत, घरातच खिडकीजवळ पलंग टाकून घेतला. शमू आता रोज जायला लागला. अंग पुसायचं, उठवून बसवायचं, सगळं करायचा. सरांसाठी देवाकडे मागायचा पण, घरी, मी ऐकलंय.

एका दुपारी मी तिथे होतो. पूर्वी औषधं आणायला गेली होती. सर बोलले, "शमू, एक काम आहे. मला रूथच्या शेजारी ठेव."

"जागा ठेवलीय सर मी. तेव्हाच."

"पुढचं ऐक. पाळक नको. गाणं नको. प्रार्थना नको. माझ्या कबरेवर देवाच्या नावाचा एक शब्द मोठ्याने कोणी बोलायचा नाही. ज्याने त्याने मनात काय करायचं ते करावं, त्याला मी कोण अडवणारा? पण आवाज नको."

शमूचा हात थांबला. तो त्यांच्या पायाला तेल लावत होता.

सर धापा टाकत बोलले, "रूथला मी कधी खोटं बोललो नाही. लग्नाच्या आधी सांगितलं होतं, मी मानत नाही. तरी तिने केलं. आता मेल्यावर तिच्या शेजारी मला खोटं पांघरूण घालून झोपवू नको."

"अवघड सांगताय सर."

"सोपं असतं तर पूर्वीला सांगितलं असतं. ती रडेल आणि लोक सांगतील तसं करेल. तू करणार नाहीस."

मला वाटलं नाही म्हणेल. ज्या माणसाने आख्ख्या मंडळीला मूठमाती दिली, त्याने एका माणसाला मुक्याने पुरायचं? मग तो बोलला, "बरं. शब्द."

"रागावलास?"

"रागावलो नाही. वाईट वाटतं."

"तुझ्या देवाला सांग."

"रोज सांगतो," शमू बोलला. सर हसले, हसता हसता खोकला आला, शमूने पाठीवर हात फिरवला.

आंब्याच्या हंगामात, मार्चमध्ये, एका सकाळी सर गेले. मी भरलेली गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिली आणि आलो. हंगामात दानिएल निवळकर गाडी सोडतो म्हणजे काय ते समजून घ्या.

मी पोचतो तोवर मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं पण होतं: ‘बंधू सिलास वाडेकर प्रभूमध्ये निजले. दफनविधी चार वाजता. गायकांनी हार्मोनियमसह यावे.’ ते टाकलं होतं योसेफ अण्णांनी. अण्णा आमच्या चर्चच्या पंचांमध्ये सगळ्यात वडील, माणूस देवभीरू, पण मताला पक्का. शमू पण पंचांपैकीच. रविवारी शास्त्र वाचायला तोच उभा राहतो.

शमू सरळ चर्चमागच्या खोलीत गेला. तिथे पाळकसाहेब आणि पंच बसले होते. मी दाराशी उभा राहिलो. मी पंच नाही, पण मला कोण हलवणार?

शमूने सरांचं मागणं सांगितलं. अण्णा लगेच बोलले, "असं होत नाही. ख्रिस्ती जमिनीत प्रार्थनेशिवाय माती पडत नाही. तुझ्या बापाच्या वेळेपासून नाही पडली."

"अण्णा, मी शब्द दिलाय."

"कागद आहे काय?"

"नाही. शब्द आहे."

"मग झालं तर. अरे, मेलेल्याला काय कळतंय? आणि शेवटच्या घटकेला त्याचं मन फिरलं नसेल कशावरून? तू कोण ठरवणारा?"

"फिरलं असेल तर प्रभूला कळलं असेल. तो काही आपल्या हार्मोनियमची वाट बघत थांबत नाही."

एक जण हसला, अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला.

"लोक काय म्हणतील?" अण्णा बोलले. "ख्रिस्ती लोक आपल्या माणसाला जनावरासारखं पुरतात म्हणतील. आधीच काय कमी बोलतात? पाहिजे तर दुसरीकडे घेऊन जा. इथे माती पडायची तर प्रार्थना होणारच."

म्हणजे एकतर सर बायकोपासून लांब, नाहीतर शमू खोटा. मला असा राग आला की काय सांगू. पण शमूचा आवाज चढला नाही.

"अण्णा, लोक काय बोलतात ते मी पण ऐकतो. नाक्यावर, कामावर, मोबाइलवर. म्हणतात, हे लोक फसवून धर्मात ओढतात. आम्ही रोज सांगतो, तसं नाही. आज एक माणूस आहे ज्याने जन्मभर तोंडावर नाही म्हणून सांगितलं. आता त्याचं तोंड बंद झालं, आणि आपण त्याला हो म्हणायला लावायचं? मग ते बोलतात ते खरं झालं की." तो थांबला. "तो श्रीमंत तरुण येशूकडे पाठ फिरवून गेला. येशूला तो आवडला होता, असं लिहिलंय. तरी जाऊ दिलान. मागून धावून पकडला नाही."

बाहेर स्कूटर थांबली, पूर्वी आली. डोळे सुजलेले. तिने दारातूनच ऐकलं असणार. बोलली, "शमूकाका, भांडू नका. करू द्या त्यांना प्रार्थना. मला काही वाटणार नाही. बाबांना आईजवळ जागा मिळू दे, बस. मी सोडवते तुम्हाला शब्दातून."

आता तर संपलंच, मला वाटलं. मुलीनेच मोकळं केलं. मी दारातूनच बोललो, "शमू, झालं ना आता? हो म्हण."

शमूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू कशी सोडवणार गो? शब्द तुला नाही दिला. ज्यांना दिला, ते सोडवायला येणार नाहीत."

मग पंचांकडे वळला. "कबर मी खणतो. ते माझं काम, ते मी करणारच. तुम्ही तिथे प्रार्थना केलीत तर मी दंगा करणार नाही. पण मी खोटा ठरेन. मग ह्या रविवारपासून शास्त्र वाचायला मला उभा करू नका. ज्याचा शब्द मातीत गेला, त्याच्या तोंडून देवाचा शब्द कुणी ऐकू नये."

एवढं बोलून बाहेर पडला. धमकी नव्हती ती. त्याचा चेहरा मी बघितला, वाचायला मिळणार नाही म्हणून पडलेला. त्या वाचण्याची तयारी तो शुक्रवारपासून करतो, एक एक ओळ, मोठ्याने. गवंड्याचा तोच एक मान आहे, आणि तोच त्याने काढून टेबलावर ठेवला.

सड्यावर आम्ही दोघांनी खणायला घेतलं. ऊन असं की पहार हाताला चटके देत होती. वरचा थर फोडताना ठिणग्या उडत होत्या. चिरेखाणीवाला मुसाभाई आमच्या बापापासूनचा दोस्त, तो पण येऊन घमेली उचलायला लागला. शमू रूथबाईच्या बाजूला अगदी सांभाळून टिकाव मारत होता, तिच्या चिऱ्याला धक्का लागू नये म्हणून.

अर्धं झालं असेल, तेव्हा पाळकसाहेब चढ चढून आले. वयाने लहान आहेत, शमूपेक्षा पण. अंगात झगा नव्हता, साधा शर्ट. काठावर उभे राहून बोलले, "शमूभाऊ, मी चार वाजता येतो. शेजारी म्हणून. पुस्तक आणत नाही."

"आणि अण्णा?"

"अण्णा म्हणाले, मी विरोध करणार नाही, पण येणार पण नाही."

शमूने मान हलवली आणि परत पहार उचलली. तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. घामच तो, असं तो म्हणतो.

चार वाजता माणसं जमली. मंडळी आली, आरे-वारेची शेजारची लोकं आली, सरांचे जुने विद्यार्थी देवरूखवरून आले. गायकांनी हार्मोनियम रिक्षातच ठेवला, नितेशच्या. दोरांनी शवपेटी खाली सोडली. मग कुणालाच काही सुचेना.

आमच्यात असं आहे, की प्रत्येक जण मूठभर माती उचलतो आणि थांबतो. पाळक ‘मातीला माती’ हे शब्द बोलतात, त्या शब्दांवर माती टाकायची. लहानपणापासून हाताला तीच सवय. आज सगळ्यांनी सवयीने माती उचलली आणि पाळकसाहेबांकडे बघायला लागले. पाळकसाहेब शमूकडे. शब्द येतच नव्हते. अख्खी मंडळी मुठी आवळून उभी, लाल माती बोटांमधून गळते आहे, आणि हात उघडायचा कधी ते एकालाही माहीत नाही. माझ्या मुठीतली तर निम्मी माझ्याच चपलांवर पडली.

मुसाभाई माझ्या कानात बोलला, "दानूभाई, तुमच्यात असंच असतं काय?"

"नाही रे. आज वेगळं आहे."

"मग कोण सांगणार, टाका म्हणून?"

मला काय माहीत?

तेवढ्यात आनंदीबाई. रूथबाईची मैत्रीण, कमरेत वाकलेली. तिला शांतता सहन झाली नाही. तिच्या तोंडातून आपसूक प्रभूची प्रार्थना निघाली, "हे आमच्या स्वर्गातल्या..."

सगळे तिच्याकडे वळले. मागच्या दोघातिघांचे ओठ हलायला लागले. एकदा ते सुरू झालं असतं तर अख्खा सडा बोलायला लागला असता, कुणाच्या बापाला थांबवता आलं नसतं. शमू तिच्याजवळ गेला, तिचा हात हातात घेतला. "मावशी, मनात."

"मनात केलेलं पोचेल काय रे?"

"मोठ्याने केलेलं तरी कुठे आपण पोचवतो?"

"मग बरं," म्हातारी बोलली आणि डोळे मिटून उभी राहिली. आणि मी सांगतो, मी चर्चमध्ये एवढ्या प्रार्थना ऐकल्या, पण त्या वेळेसारखी शांतता कधी ऐकली नाही. समुद्राचा आवाज खालून येत होता. शेवटी पूर्वी बोलली, "काका, कधी टाकायची?"

"तू म्हणशील तेव्हा."

"मी?"

"तुझा बाप आहे."

पूर्वीने खाली बघितलं. हात पुढे केला, पण मूठ उघडेना. मग ती बोलायला लागली, कबरेशी नाही, शमूशी. "बाबा दर रविवारी रात्री फोन करायचे. म्हणायचे, आज शमूला हरवलं. मी विचारायचे, मग आता येणार नाही का तो? म्हणायचे, येणार. तो हरायला येत नाही, मला एकटं ठेवायला नको म्हणून येतो."

आणि मूठ उघडली. तिच्या मागे सगळ्यांनी टाकली. मुसाभाईने टाकली, नितेशने टाकली, पाळकसाहेबांनी टाकली. माझ्या मुठीत थोडीच राहिली होती, मी परत वाकून दोन्ही हात भरून घेतले.

माणसं पांगत होती तेव्हा फाटकातून योसेफ अण्णा आत आले. किती वेळ बाहेर उभे होते कोण जाणे. कुणाकडे न बघता मूठभर माती घेतली, टाकली. मग शमूला बोलले, "गळा दाबल्यासारखं झालं मला बाहेर."

"मला पण, अण्णा. आत."

"रविवारी तुझंच वाचन आहे. विसरू नको." आणि काठी टेकत गेले.

शेवटी आम्ही दोघे भाऊ राहिलो, माती लोटायला. ऊन उतरलं होतं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. शमूचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. ज्या माणसाला त्याने तेल लावलं, भरवलं, त्याच्यासाठी एक शब्द मोठ्याने मागता आला नाही त्याला. मी बोललो, "शमू, आता कर की रे मोकळेपणाने. सगळे गेले. कोण ऐकतंय?"

त्याने फावड्यावर हात टेकले. "दादा, लोक ऐकतील म्हणून थोडाच शब्द दिला होता."

तो वाकून रूथबाईच्या बाजूची माती सारखी करायला लागला. मी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली.